कर्मणि प्रयोगांतील खलनायिका

ज्या वाङ्मयाला कोणी वाङ्मय म्हणत नाहीं, त्याची चिकित्सा करावी कीं करूं नये, हा वाद जुना आहे. रहस्यकथेला, बोलपटाला, फार काय, खुद्द कादंबरीलाही विद्वानांच्या दारांत एके काळीं तिष्ठत उभें राहावें लागलें होतें. अमेरिकेंतील सुपरहीरोंच्या चित्रकथांची स्थिति आपल्याकडे अद्याप बहुतेक तशीच आहे. दहा सेंटांस मिळणारीं, हलक्या कागदावर भडक रंगांत छापलेलीं तीं मासिकें मुलांनीं वाचावीं आणि आयांनीं रद्दींत घालावीं, एवढेंच त्यांचें आयुष्य. त्यांचे लेखक ठरल्या तारखेस ठरलेलीं पानें भरून देत; आपण पुढील पिढ्यांसाठीं कांहीं लिहीत आहों, असा भ्रम त्यांना नसे. परंतु नेमकें याच कारणानें त्यांच्याकडे लक्ष देणें अगत्याचें वाटतें. सावकाश लिहिणारा मनुष्य आपल्या समाजाच्या समजुती पारखून घेतो. घाईनें लिहिणारा त्या जशाच्या तशा कागदावर उतरवितो. अपराध, शिक्षा आणि क्षमा यांविषयीं एखाद्या समाजाला खरोखर काय वाटतें, हें त्याच्या नीतिग्रंथांपेक्षां अशा रद्दींत जाणाऱ्या कागदावर पुष्कळदां अधिक स्पष्ट उमटलेलें असतें.

या कथांत खलपुरुषांची गर्दी मोठी आहे. कोणाला पेढी लुटावयाची असते, कोणाला शहर, तर कोणाला सारें जग. त्यांना तें कां हवें असतें, हा प्रश्न पहिल्या पिढीच्या लेखकांनीं फारसा विचारला नाहीं, आणि वाचकांनींही विचारला नाहीं. लोभ, मत्सर, सत्तेची हांव यांपैकीं एखादा विकार पुरे होई. पण टोळीच्या गादीवर एखादी स्त्री येऊन बसली, कीं तीच लेखणी अडखळूं लागते. ही येथें आली कशी? हिला कोणीं आणलें? हिच्यावर असा कोणता प्रसंग गुदरला? एखादा बाप, एखादा प्रियकर किंवा एखादा अपघात शोधून काढल्यावांचून लेखकाला चैन पडत नाहीं. शाळेंत शिकलेल्या व्याकरणाच्या भाषेंत सांगावयाचें, तर पुरुषाची दुष्टता कर्तरि प्रयोगांत लिहिली जाते आणि स्त्रीची कर्मणि प्रयोगांत. तो चोरी करतो. तिच्याकडून चोरी केली जाते. हा फरक दोन पात्रांच्या चरित्रांतून दाखवावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. एक बॅटमनच्या कथांतील कॅटवूमन, आणि दुसरी आयर्न मॅनच्या कथांतील मॅडम मास्क.

‘बॅटमन’ या नांवाच्या नियतकालिकाचा पहिला अंक १९४० च्या वसंत ऋतूंत निघाला. कथा बिल फिंगर यांच्या, चित्रें बॉब केन यांचीं. पुढें जगप्रसिद्ध झालेला जोकर याच अंकांत प्रथम अवतरला, आणि त्याच अंकांत ‘कॅट’ एवढ्याच नांवाची एक चोरटी स्त्रीही आली. एका श्रीमंतांच्या नौकेवर मौल्यवान हार आहे. तो लांबविण्यासाठीं ती म्हातारीच्या वेषांत तेथें शिरते. आगीची आवई उठतांच ही म्हातारी तरुण पायांनीं धावूं लागते, आणि तिचें बिंग फुटतें. पकडली गेल्यावर ती रडत नाहीं, कोणाचें नांव सांगत नाहीं, आपल्या दुर्दैवाची कहाणीही ऐकवीत नाहीं. उलट ती बॅटमनपुढें भागीदारीचा प्रस्ताव ठेवते: तूं राजा, मी राणी, आणि गुन्ह्यांचें राज्य दोघांचें! तो नाकारतो. ती पाण्यांत उडी टाकून निसटते. पाठलाग करूं पाहणाऱ्या रॉबिनच्या वाटेंत बॅटमन असा कांहीं आडवा येतो, कीं हा योगायोग आहे असें त्या पोरालाही वाटत नाहीं.

ही कथा कांहीं निर्दोष नाहीं. बॅटमन त्या स्त्रीला एखाद्या हट्टी पोरीसारखा मार देण्याची धमकी देतो, आणि ती वाचतांना आज कोणाही सुजाण वाचकाला संकोच वाटेल. तथापि या अवघ्या कांहीं पानांत जें साधलें आहे, तें पुढील पन्नास वर्षांत या प्रकारच्या कथांत क्वचितच साधलें. येथें स्त्री आहे, तिची बुद्धि आहे, तिचें धाडस आहे, आणि हार हवा म्हणून ती तो घेते. तिला भूतकाळ नाहीं, आणि त्याची उणीवही भासत नाहीं. तिच्या प्रस्तावांत लाचारी नाहीं. बरोबरीच्या माणसानें बरोबरीच्या माणसास करावा तसा तो आहे. म्हणूनच बॅटमनच्या नकाराला अर्थ येतो. दोघांनाही मार्ग निवडण्याची मोकळीक आहे, आणि दोघे वेगवेगळे मार्ग निवडतात. नीतिकथेला यापेक्षां अधिक काय लागतें?

पुढील अंकांतून तिला मांजराचा मुखवटा मिळाला, चाबूक मिळाला, हुकूम झेलणारे गुंड मिळाले, आणि ती कॅटवूमन म्हणून नांवारूपास आली. अशी दहा वर्षें गेल्यावर ‘बॅटमन’च्या ६२ व्या अंकांत, म्हणजे १९५० च्या अखेरीस, तिचें गुपित उघड करणारी कथा छापली गेली. कोसळणाऱ्या भिंतीखालीं सांपडणाऱ्या बॅटमनला ती वांचविते आणि स्वतः डोक्याला मार खाते. शुद्धीवर येते, तों ती निराळीच स्त्री! तिचें नांव सेलिना काइल. ती विमानांतील परिचारिका होती. विमानाला अपघात झाला आणि तिची स्मृति गेली. मधल्या काळांत आपण काय केलें, याची तिला आठवणच नाहीं! मग मांजरांचें तें वेड कोठून आलें? तर तिच्या बापाचें पाळीव प्राण्यांचें दुकान होतें, आणि तेवढी एक आठवण मनाच्या तळाशीं शिल्लक राहिली होती. सेलिना दुसऱ्या एका टोळीला पकडून देण्यास बॅटमनला साहाय्य करते आणि पुढें स्वतःही प्राण्यांचें दुकान घालून सुखानें राहूं लागते.

वरवर पाहतां ही क्षमेची कथा आहे. परंतु तिनें काय केलें, तें पाहावें. तिनें कॅटवूमनला क्षमा केली नाहीं. कॅटवूमन नांवाची कोणी कर्ती होती, हेंच नाकारलें. दहा वर्षांचीं तीं सारीं साहसें, त्या युक्त्या, तो नौकेवरील प्रस्ताव, हें सर्व एका रोग्याचें वात झाल्यासारखें बरळणें ठरलें. तिनें स्वतःसाठीं निवडलेलें बोधचिन्हसुद्धां तिचें राहिलें नाहीं. तेंही बापाच्या दुकानांतून आलें. ज्यानें अपराध केला आणि तो आपला म्हणून कबूल केला, त्याला क्षमा करतां येते. ज्याच्या हातून तो नकळत घडला, त्याला क्षमा करण्याजोगें कांहीं उरतच नाहीं; त्याला औषध देतां येतें. सेलिनाला लेखकांनीं औषध दिलें. १९५१ मधील एका कथेच्या शीर्षकांत तिला गुन्हेगारी जगताची सम्राज्ञी म्हटलें आहे. पण तोंवर तिचें राज्य खालसा झालें होतें, आणि ही पदवी एखाद्या संस्थानिकाच्या जुन्या बिरुदासारखी नुसती नांवापुढें उरली होती.

आपल्याकडील रसिकांना हा प्रकार अपरिचित वाटूं नये. रामायणांतील कैकेयी दोन वर मागते आणि एका राजकुलाचा घात करते. मंथरेनें कान फुंकले हें खरें, तथापि वाल्मीकीची कैकेयी शेवटीं आपल्याच तोंडानें वर मागते आणि दशरथाच्या विनवण्यांपुढें वांकत नाहीं. पुढील नाटककारांना हें सोसलें नाहीं. भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकांत कैकेयी सांगते, कीं मला चौदा दिवस म्हणावयाचें होतें, घाबरून तोंडांतून चौदा वर्षें निघालें. आणि त्याच्याही मागें मुनीच्या शापाचें निमित्त उभें केलेलें आहे. भवभूतीच्या ‘महावीरचरितां’त तर शूर्पणखाच मंथरेच्या शरीरांत शिरून कारस्थान करते, आणि राणी सर्वस्वीं निर्दोष ठरते. या कवींचा हेतु थोर होता. राजमातेचा कलंक त्यांना धुवावयाचा होता. परंतु धुतल्यावर जी कैकेयी उरते, ती एक बोलण्यांत चुकणारी बाई असते. वाल्मीकीची ती भयंकर, हट्टी, पुत्रासाठीं आंधळी झालेली राणी तींत दिसत नाहीं. कलंकाबरोबर माणूसही धुवून निघाला. गॉथम नगरीच्या लेखकांनीं सेलिनाचें जें केलें, तें याहून फारसें निराळें नव्हे.

पुढील घडामोडी थोडक्यांत सांगतां येतील. १९५४ च्या जानेवारीच्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मध्यें सेलिना पुन्हा गुन्ह्याकडे वळते, आणि येथें लेखकाच्या हातून एक खरी गोष्ट लिहिली गेली. तिच्या जुन्या पराभवांची वर्तमानपत्रांतून चर्चा होते, लोक तिला हंसतात, आणि तो उपहास तिला सहन होत नाहीं. दुखावलेला अभिमान हें कारण क्षुद्र असेल, पण तें तिचें स्वतःचें आहे. तें कोणा बापानें अथवा अपघातानें तिला दिलेलें नाहीं. मात्र हा कर्तरि प्रयोग फार दिवस टिकला नाहीं. त्याच वर्षीं फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचें चित्रकथांवर झोड उठविणारें पुस्तक प्रसिद्ध झालें, अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीपुढें या विषयाची सुनावणी झाली, आणि ऑक्टोबरांत प्रकाशकांनीं आपण होऊन ‘कॉमिक्स कोड’ नांवाची नियमावली पत्करली. गुन्हेगाराविषयीं सहानुभूति उत्पन्न होईल असें चित्रण करूं नये आणि प्रत्येक वेळीं सज्जनांचा जय व्हावा, हे तींतील दोन नियम. कॅटवूमन त्या वर्षाच्या सप्टेंबरच्या अंकांत दिसली, ती एकदम १९६६ सालीं पुन्हा दिसली. बारा वर्षें तिला पानांवर जागा नव्हती.

आतां दुसऱ्या पात्राकडे वळूं. १९६८ च्या आरंभीं ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’ या मासिकांत स्टॅन ली आणि जीन कोलन यांनीं आयर्न मॅनला एका नव्या शत्रूशीं गांठ घालून दिली. मॅगिया ही इटालियन वळणाची गुन्हेगारी संघटना त्यांच्या कथांत आधींपासून होती; माफिया या खऱ्या नांवांतील एक अक्षर बदलून तें नांव बनविलेलें आहे, हें वाचकांच्या लक्षांत येईलच. तिच्या नव्या प्रमुखाला ‘बिग एम’ म्हणत. या नांवावरून पुरुष कीं स्त्री याचा बोध होत नाहीं, आणि प्रत्यक्षांत ती निघते व्हिटनी फ्रॉस्ट नांवाची एक तरुण, सुशिक्षित, खानदानी स्त्री. कॅटवूमन ही मूळची एकटी चोर. व्हिटनी खऱ्या अर्थानें टोळीची नाईक आहे. ती स्वतः तिजोरी फोडीत नाहीं; ती बेत आंखते, माणसें नेमते, हुकूम सोडते आणि तिचे पुरुष हस्तक ते पाळतात. १९६८ सालच्या बालवाचकांच्या मासिकांत हें धाडसच होतें.

पण लगेच तिची जन्मकथा येते. व्हिटनी ही काउंट नेफारिया या मॅगियाच्या सरदाराची कन्या. आई वारल्यावर बापानें तिला आपल्या हाताखालच्या फ्रॉस्ट नांवाच्या धनिकाकडे दिलें आणि आपली ओळख कळूं दिली नाहीं. ती उच्चभ्रू समाजांत वाढली. रॉजर व्हेन नांवाच्या, राजकारणांत चढूं पाहणाऱ्या तरुणाशीं तिचा विवाह ठरला. पालक वारला, आणि खरा बाप पुढें येऊन म्हणाला, तूं माझी मुलगी आहेस, माझी गादी तुला चालवावयाची आहे. ती भयानें व्हेनकडे धांवली. त्यानें हिशेब केला: गुन्हेगाराची मुलगी पत्नी म्हणून घरीं आली, तर आपली कारकीर्द संपली. त्यानें दार लावून घेतलें, आणि व्हिटनी दुसऱ्या दारानें आंत गेली. पुढें नेफारिया कायद्याच्या हातीं सांपडला, तेव्हां गादी तिच्याकडे आली.

ही कथा रचनेच्या दृष्टीनें सेलिनाच्या कथेपेक्षां पुष्कळच सरस आहे. तींत समाजाच्या ढोंगावर बोट ठेवलेलें आहे. व्हेनची भित्री प्रतिष्ठा नेफारियाच्या उघड दुष्टतेपेक्षां अधिक किळसवाणी वाटते, आणि तशी ती वाटावी हाच लेखकांचा हेतु असावा. तथापि क्रियापदें मोजून पाहावीं. तिला दिलें गेलें, तिच्यापासून लपविलें गेलें, तिला सांगितलें गेलें, तिला टाकलें गेलें. एका पुरुषानें तिला जन्म दिला, दुसऱ्यानें वाढविलें, तिसऱ्यानें नाकारलें. आणि या तीन दारांतून ढकलली जाऊन ती सिंहासनावर पोंचली. आतां तिच्या बापाकडे पाहावें. काउंट नेफारिया १९६५ सालीं ‘ॲव्हेंजर्स’च्या तेराव्या अंकांत आला, तो युरोपांतील आपला वाडा दगड दगड सुटा करून अमेरिकेंत आणून उभारीतच आला. तो गुन्हेगार कां झाला, हें त्या कथेंत कोणी विचारीत नाहीं. तो तसा आहे, एवढें पुरे आहे. बापाला वाडा मिळाला. मुलीला कैफियत मिळाली.

याच्या पुढची घटना तर विलक्षण आहे. स्टार्कच्या कारखान्यावर धाड घालून व्हिटनी परत निघते. तिच्यावर अनुरक्त झालेला सरकारी हेर जॅस्पर सिट्वेल तिला गोळी घालूं शकत असतां घालीत नाहीं. बॅटमननें रॉबिनची वाट अडविली होती, त्याचीच ही दुसरी आवृत्ति. आणि मग तिचें विमान कोसळतें! पुन्हा विमान, पुन्हा अपघात. दोन निरनिराळ्या प्रकाशनसंस्थांतील लेखकांनीं सतरा-अठरा वर्षांच्या अंतरानें आपापल्या खलनायिकेला आकाशांतून खालीं पाडलें. फरक एवढाच, कीं सेलिनाचा अपघात कथेच्या उगमाशीं आहे आणि व्हिटनीचा शेवटाशीं. पहिला तिचा अपराध पुसण्यासाठीं, दुसरा तिला शासन करण्यासाठीं. पहिल्यानें स्मृति नेली. दुसऱ्यानें रसायनें तोंडावर सांडून रूप नेलें. माणसांच्या न्यायालयानें जो निकाल द्यावयाचा, तो दोन्ही वेळां आकाशानेंच परस्पर देऊन टाकला.

भाजलेल्या तोंडावर सोन्याचा मुखवटा चढवून हीच व्हिटनी १९६९ सालीं मॅडम मास्क म्हणून परत येते; या वेळीं लेखक आर्ची गुडविन व चित्रकार जॉर्ज टस्का आहेत. हा मुखवटा तिला मायडस नांवाच्या सुवर्णवेड्या धनिकानें दिलेला आहे. चित्रकथांच्या वाचकांना येथें दुसरा एक मुखवटा आठवल्यावांचून राहणार नाहीं. डॉक्टर डूम याचेंही तोंड अपघातांत विद्रूप झालें होतें. पण तो अपघात दुसऱ्याचा इशारा धुडकावून त्यानें स्वतः ओढवून घेतला, आणि आपल्या हुकुमानें घडविलेला मुखवटा निवण्यापूर्वींच तोंडावर चढविण्याचा आग्रह त्यानेंच धरला. त्याच्या दुःखालाही त्याच्या अहंकाराची सही आहे. मॅडम मास्कचा मुखवटा तेवढाच देखणा, किंबहुना अधिक देखणा. पण तो मिळालेला, कोणा पुरुषाच्या हातून आलेला.

तरीही ही स्त्री त्या कथांत जिवंत राहते, याचें श्रेय लेखकांना दिलेंच पाहिजे. टोनी स्टार्क तिचें विद्रूप तोंड पाहतो आणि मागें सरत नाहीं. त्या एका क्षणानें ती त्याच्याकडे ओढली जाते. व्हेननें तिच्या कुळाकडे पाहून दार लावलें होतें. स्टार्कनें तिचें तोंड पाहूनही दार उघडें ठेवलें. पुढें १९७८ च्या सुमारास मरणोन्मुख बाप आणि प्रियकर यांतून एकाची बाजू घेण्याचा प्रसंग तिच्यावर येतो, तेव्हां ती बापाची बाजू घेते. झटापटींत बाप मरतो आणि प्रेमही संपतें. बाप दुष्ट आहे हें ती जाणते, प्रियकर भला आहे हेंही जाणते. तरी ती बापाकडे जाते. येथें कोणी तिला ढकललें नाहीं. या एका ठिकाणीं क्रियापद तिचें आहे, आणि वाचकाला तिच्याविषयीं जें खरें दुःख होतें, तें याच ठिकाणीं होतें. तोंवरच्या सर्व दुर्दैवांनीं जें साधलें नव्हतें, तें तिच्या एका निवडीनें साधलें.

यावर कोणी असा पूर्वपक्ष करील, कीं पात्राला कारण देणें हा तर कलेचा गुण आहे. निष्कारण दुष्टता बाळबोध, आणि सकारण दुष्टता मानवी. शिवाय अपघात पुरुषांनाही झाले आहेत. १९५१ च्या कथेप्रमाणें जोकर रसायनांत पडला. १९४२ मधील टू-फेसच्या तोंडावर भर न्यायालयांत ॲसिड फेंकलें गेलें. या आक्षेपांत तथ्य आहे, आणि टू-फेस हा अपवाद तर निःसंशय मान्य केला पाहिजे. त्या सज्जन वकिलाचा अधःपात व्हिटनीइतकाच बाहेरून लादलेला आहे. परंतु जोकर रसायनांत उडी घेतो, तेव्हां तो पळून जाणारा दरोडेखोरच असतो. अपघातानें त्याचा रंग बदलला, स्वभाव नव्हे. आणि मुख्य मुद्दा कारणाचा नाहींच. कारण आणि सबब या दोन भिन्न वस्तु आहेत. मॅक्बेथच्या पत्नीला कारण आहे: तिला सिंहासन हवें आहे. तें कारण तिच्या अंतःकरणांतून येतें, म्हणून ती रात्रीं झोपेंत हात धूत हिंडते तेव्हां आपण थरारतों. सबब बाहेरून येते आणि अंतःकरणाला सुटी देते. या चित्रकथांनीं पुरुषांना बहुधा कारण दिलें, व स्त्रियांना बहुधा सबब.

ज्या स्त्रीला सबब दिली गेली नाहीं, तिचें उदाहरण पाहिलें म्हणजे हें अधिक स्पष्ट होतें. सुपरहीरोंच्या आधींचें, १९३४ सालीं वर्तमानपत्रांतून सुरू झालेलें मिल्टन कॅनिफ यांचें ‘टेरी अँड द पायरेट्स’ घ्यावें. त्यांतील ड्रॅगन लेडी चीनच्या किनाऱ्यावर चांच्यांच्या टोळ्यांवर हुकमत गाजविते, आणि ती अशी कां झाली याबद्दल कोणाकडेही खुलासा करीत नाहीं. कॅनिफनें तिला बुद्धि, राग आणि लढाऊ बाणा दिला. पुढें जपानी आक्रमकांविरुद्ध लढणारी नायिकाही केलें. परंतु तिला खुलासा लागला नाहीं, याचें श्रेय सर्वस्वीं उदारतेला देतां येत नाहीं. पूर्वेकडील स्त्री कपटी आणि क्रूर असावयाचीच, असें त्या काळच्या गोऱ्या वाचकानें गृहीत धरलें होतें. जें स्वाभाविक मानलें, त्याला सबब कशाला? घरच्या स्त्रीला अपराध करण्याइतकी मोठी मानलें नाहीं, आणि परकी स्त्री अपराधीच जन्मली असें मानलें. दोन्हींकडे निवड मात्र नाकारली गेली.

वस्तुस्थिति कल्पनेपेक्षां अधिक धीट असते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत, चित्रकथांतील वीर जन्मण्यापूर्वींच, स्टेफनी सेंट क्लेअर नांवाची कॅरिबियन बेटांतून आलेली कृष्णवर्णीय स्त्री आपल्याकडील मटक्यासारखा आंकड्यांचा जुगार चालवीत होती. पोलिसांच्या लांचखोरीविरुद्ध तिनें वर्तमानपत्रांत स्वतःच्या पैशानें मजकूर छापविला, आणि डच शुल्ट्झसारख्या दांडग्या गुंडानें धंदा बळकावूं पाहिला तेव्हां ती त्याला शरण गेली नाहीं. तिचा धंदा वाईट होता. जुगारानें गरिबांचीं घरें बुडतात हें सांगावयास नको. परंतु तो तिचा होता. तिच्या शहरांतच बहुतेक चित्रकथा लिहिल्या गेल्या. तशी स्त्री कागदावर उतरविण्याचें धैर्य मात्र त्या लेखकांना झालें नाहीं.

सेलिनाची कथा येथेंच संपत नाहीं. १९८३ सालीं ‘ब्रेव्ह अँड द बोल्ड’च्या एका अंकांत ॲलन ब्रेनर्ट यांनीं त्या जुन्या सेलिनाला पुन्हा बोलतें केलें. ती बॅटमनजवळ कबूल करते, कीं तो स्मृतिभ्रंश खोटा होता. या आयुष्यांतून सुटण्यासाठीं आपण ती गोष्ट रचली होती. तेहतीस वर्षांपूर्वींची सबब तिनें स्वतःच्या हातानें फाडून टाकली! पण लगेच दुसरी पुढें येते: तिचा नवरा क्रूर होता, तिचे दागिने त्यानें आपल्या तिजोरींत ठेवले होते, आणि ते परत घेण्यासाठीं तिनें पहिली चोरी केली. पुन्हा एक पुरुष, पुन्हा एक अन्याय. तथापि तिच्या कबुलींत एक गोष्ट अशी आहे, कीं जिच्यासाठीं या लेखकाला अनेक अपराध माफ करावे: ती चोरी तिला आवडली होती. नवऱ्याच्या छळानें तिला तिजोरीपर्यंत नेलें असेल, पण त्यानंतरच्या तिजोऱ्या तिनें आवडीनें फोडल्या. १९४० च्या नौकेवरील ती स्त्री अखेर क्षणभर पुन्हा डोळ्यांपुढें उभी राहते.

खलनायिका अधिक दुष्ट रंगवाव्या, असा या विवेचनाचा अर्थ कोणी घेऊं नये. आमचें म्हणणें एवढेंच आहे, कीं दुष्कृत्य करण्याची शक्ति जिच्या ठिकाणीं मानली नाहीं, तिच्या सत्कृत्यालाही मोल राहत नाहीं. जी स्त्री स्वतःच्या इच्छेनें वाईट होऊं शकत नाहीं, ती स्वतःच्या इच्छेनें चांगलीही होऊं शकत नाहीं; तिचें चांगुलपण म्हणजे अपघात न घडणें, एवढेंच. आपल्या घरांतही मुलाच्या हातून आगळीक झाली, तर तो वाह्यात ठरतो, आणि मुलीच्या हातून झाली, तर तिला कोणीं बिघडविलें याचा शोध सुरू होतो. या शोधांत माया असते, हें खरें. परंतु त्या मायेखालीं अशीही एक समजूत दडलेली असते, कीं हिचें मन हिचें नव्हे. मुलीच्या चुकीची जबाबदारी तिला घेऊं देणें कठोर वाटेल. पण तिच्या कर्तृत्वाचें श्रेय तिला द्यावयाचें असेल, तर पहिल्याशिवाय दुसरें देतां येत नाहीं. घरांत हीं जुनीं चित्रमासिकें हातीं लागलीं, तर तीं मुलांपासून लपविण्यापेक्षां त्यांच्याबरोबर बसून वाचावीं, आणि प्रत्येक खलनायिकेपाशीं थांबून एवढेंच विचारावें: हें हिनें केलें, कीं हिच्याकडून झालें?